चोच वर आहे

"कुरकुरला का गं?" अण्णांनी विचारलं.

"न्हाई."

"मग पिस्टन तिरका तर न्हाई गेला? दोन्ही अंगठ्यांनी सारखा दाबायचा. ढकलायचा न्हाई, नुसतं वजन द्यायचं."

"सरळ गेलाय, अण्णा. तुम्हीच बघा की बोट फिरवून."

अण्णांनी बाकावर चाचपत हात पुढे आणला. साखरेच्या दुखण्यानं त्यांचे डोळे खाल्ले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. बोटं मात्र शाबूत होती. मी नुकत्याच बांधलेल्या कॅलिपरवरून त्यांनी तर्जनी फिरवली, पिस्टनच्या कडेनं, धूळ अडवणाऱ्या रबराखालून, मागून पुढून, आणि एका टोकाशी येऊन थांबले.

"चोच?"

"आभाळाकडं."

"हां," अण्णा म्हणाले आणि बोट लुंगीला पुसलं. अण्णांच्या 'हां'पेक्षा मोठी शाबासकी आमच्या घरात कुणी ऐकलेली नव्हती.

आता ज्यांना गाडी म्हणजे नुसतं बसायचं आणि उतरायचं एवढंच ठाऊक आहे, त्यांच्यासाठी सांगते. पुढच्या चाकाबरोबर एक लोखंडी तबकडी फिरते. कॅलिपर म्हणजे तिला दोन्हीकडून चिमटीत धरणारा पंजा. पेडल दाबलं की नळीतून तेल येतं, तेल पिस्टनला रेटतं, पिस्टन चिमटा आवळतो आणि गाडी थांबते. तेलात हवा राहिली तर मेली ती हवाच दबत बसते आणि पेडल उशीत पाय घातल्यासारखं खाली जातं. ती हवा काढायला कॅलिपरला एक बारीकसं तोंड असतं. गॅरेजवाले त्याला ब्लीडर म्हणतात, आमच्याकडे चोच म्हणायचे. हवा वर जाते, म्हणून चोच वरच पाहिजे. डावा कॅलिपर उजवीकडे बसवला तर बसतो हो मुकाट्यानं, बोल्टही लागतात, पण चोच जाते खाली. मग दिवसभर तेल ओतत बसा, हवा वरच्या कोपऱ्यात ठाण मांडून बसते.

आमचं गॅरेज पाटणला, कराड-चिपळूण रस्त्याला लागून. कुंभार्ली घाट उतरायचा म्हटलं की लोकांना देव आठवायचा, आणि देवाच्या आधी अण्णा. बाकी कामं कोणीही करावीत, ब्रेक मात्र रंगनाथ लोहाराकडेच, असं ड्रायव्हर लोक म्हणायचे. त्या दिवशी बाकावर होते ते चिपळूणच्या परकारशेठच्या गाडीचे कॅलिपर. गाडी आखातातून बोटीनं आलेली, जपानी. नवा कॅलिपर मिळायची बात नव्हती. जुनेच खोलून, गंज घासून, नवी रबरं घालून बांधायचे होते. शेठ दसऱ्याला दुपारी येऊन गाडी घेऊन घाट उतरणार होते.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. बारावीनंतर पाच वर्षं मी त्या बाकाशी काढली होती. अण्णांचे डोळे मंदावत गेले तसे माझे हात चालू लागले. आणि गेला महिनाभर घरात एकच प्रश्न धुमसत होता, गॅरेज कुणाचं?

माझा धाकटा भाऊ दिनकर, दिन्या, वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. गोड पोरगं, हाक मारली की "आलो तायडे" म्हणून धावत यायचं. पण त्याच्या हातात पान्हा दिला की पान्ह्याला रडू यायचं. एकदा जीपच्या चाकाचे बोल्ट हातानंच फिरवून सोडून दिले होते. नशीब, जीप बाजारपेठेतच लंगडली. दूध संघात चिकटवला, तिथून परत आला. ड्रायव्हरकी शिकायला पाठवला, तिथूनही परत आला.

"यमे," अण्णा म्हणाले. त्यांनी मान आईच्या दिशेला वळवली होती. आई शेडच्या दाराशी बसून रॉकेलच्या फडक्यानं पान्हे पुसत होती. "तुझ्या आईसमोर सांगतो. हे कॅलिपर तू एकटीनं बांधलेस. उद्या पूजा झाली की मी गाडीत बसून पेडल दाबणार. दगडासारखं लागलं, तर दसऱ्याला पहिला पान्हा तू उचलायचास. आणि इस्लामपूरच्या स्थळाला मी न्हाई म्हणून कळवतो."

"आणि न्हाई लागलं तर?" आईनं पुसता पुसता विचारलं.

"न्हाई लागलं तर दिनकर हायच. हिनं मुकाट्यानं लग्नाला उभं राहायचं."

"बघा हं. शब्द हाय तुमचा."

"रंगनाथचा शब्द हाय."

पहिला पान्हा काय प्रकरण ते सांगायला हवं. आमच्यात खंडेनवमीला हत्यारांची पूजा. एकूण एक पान्हा, पक्कड, हातोडा, जॅकसुद्धा धुऊन-पुसून पाटावर मांडायचा, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. मग दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातलं काहीही हलवायचं नाही, जगबुडी आली तरी. दसऱ्याला मालकानं पहिला पान्हा उचलायचा, मग काम सुरू. ज्यानं उचलला तो मालक. कागदबिगद काही नाही, सगळं पाटण त्याला मालक म्हणणार. आजवर तो अण्णांनीच उचलला होता.

मी दोन्ही कॅलिपर फडक्यावर ठेवले, एकावर खडूनं 'डा' लिहिलं, दुसऱ्यावर 'उ'. आता गाडीला बसवायचे तेवढे राहिले होते. इतक्यात आई उठली.

"चल, हात धू. पाच वाजता पाव्हणं येणार."

"कोण पाव्हणं?"

"इस्लामपूरचं. बघायला."

"अगं, अण्णा आत्ता काय म्हणाले?"

"उद्याचं उद्या. आज आलेल्या माणसाला काय रस्त्यावर उभं करायचं? रॉकेल लावून घासलंस तरच जाईल ते नखातलं काळं."

मी अण्णांकडे बघितलं. "जा," ते म्हणाले. "बसवायचं काय, दोन-दोन बोल्ट. दिनकर बसवंल."

"तू जा तायडे, मी करतो," दिन्या म्हणाला. बिचाऱ्याला खरंच मदत करायची होती.

तर अशी मी आईच्या मोरपंखी साडीत, नखं लाल होईस्तोवर घासून, पोह्यांचा ट्रे घेऊन बसले. इस्लामपूरकरांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा खाली मान घालून बसला होता. त्याच्या आईनं विचारलं, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का. ब्रेक बांधता येतात का असं कुणी विचारलं नाही. आई मधेच दोनदा उठून मागे गेली, एकदा दूध बघायला आणि एकदा कशाला ते कळलं नाही. पाहुणे गेले तेव्हा दिवेलागण झाली होती. मी मागे निघाले, तर आईनं दारातच अडवलं.

"साडी काळी करशील. भांडी घास. दिनकरला पेडल मारायला मी जाते."

हवा काढायला दोन माणसं लागतात. एक खाली चोचीशी, एक वर पेडलाशी. लहानपणापासून ते पेडल मारायचं काम माझं. आईनं मारलं तरी काय बिघडतं, मी म्हटलं, पाय दाबायचा आणि सोडायचा. मोरीत कपबशा विसळताना मला दिन्याचा आवाज ऐकू येत होता. दाब. धर. सोड. मी खुशीत होते. उद्या आपलं गॅरेज, या कल्पनेनं मला कपबशांवरसुद्धा माया आली होती, आता बोला!

खंडेनवमीला सकाळी अंघोळी झाल्या, पूजा झाली. अण्णांनी प्रत्येक हत्याराला चाचपून कुंकू लावलं. नैवेद्य व्हायचा होता. तेवढ्यात त्यांनी काठी घेतली. "चला, पेडल बघू."

दिन्यानं गाडीचं दार उघडलं. अण्णा बसले, चप्पल काढली, अनवाणी पाय पेडलावर ठेवला. पेडल बघायचं तर अनवाणीच, हा त्यांचा नेम. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि दाबलं.

पाय खाली गेला. त्यांनी दोनदा, तीनदा मारलं. पेडल जरा वर आलं आणि पुन्हा बसलं.

"उशी," अण्णा म्हणाले.

माझा विश्वासच बसेना. "असं कसं होईल? अण्णा, पुन्हा मारा."

"मारून काय त्याचा दगड व्हतोय व्हय? हवा हाय आत. कुठंतरी रबर दुमडलंय तुझं."

"रबर दुमडलेलं न्हाई. तुम्ही काल बोट फिरवलं की!"

मी तशीच नवी साडी खोचून चाकाशी बसले, मागून वाकून बघितलं. चोच खाली होती, जमिनीकडे तोंड करून. दुसऱ्या बाजूला धावले. तिकडेही खाली. मला हसूच आलं. देवा शप्पथ, मोठ्यानं हसले मी.

"अण्णा, अहो उलटे बसवलेत ह्यानं! डावा उजवीकडं, उजवा डावीकडं. चोची खाली गेल्यात. रबर बिबर काय न्हाई, दोन-दोन बोल्ट खोलायचे नि अदलाबदल करायची."

"दिन्या?"

दिन्या कावराबावरा झाला. "खडू पुसला गेलेला, अण्णा. आईनं पूजेचं पुसताना पुसला. मी आईला विचारलं, डावं कुठलं ठेवलं होतं तायडीनं. आईनं दाखवलं तसं बसवलं."

"तिला कशाला विचारलंस मुडद्या!" मी ओरडले. "तिला डाव्या-उजव्यातलं काय कळतंय!"

अण्णाही हसले. "बायकोला विचारून ब्रेक बसवले. झालं, आता मांजराला विचारून क्लच बसव." आई चुलीपासून बाहेर येऊन उभी होती. पदराला हात पुसत होती.

मी पाटाकडे निघाले, चौदाचा पान्हा घ्यायला. माझं मलाच भान नव्हतं.

"यमे!" आईचा आवाज आला. "हात लावशील तर खबरदार. पूजेत हाय."

मी थबकले. खरंच, पान्हा पूजेत होता. गावातल्या सगळ्या गॅरेजांचे पान्हे त्या दिवशी पाटावर होते.

"बरं, उद्या खोलू," मी म्हटलं. "पण अण्णा, चूक माझी न्हाई. बांधणी बरोबर हाय. शब्द पाळायचा तुम्ही."

"उलटे बसलेत हे तू म्हणतीस," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा पुन्हा घट्ट झाला होता. "नाचता येईना अंगण वाकडं, असं बी असू शकतंय. पैज हरलेला माणूस काय बी म्हणतो."

"अहो, डोळ्यांनी दिसतंय ना! हातच्या काकणाला आरसा कशाला? दिन्या, बघ खाली."

दिन्या वाकला, बघितलं आणि उठून उभा राहिला. त्यानं एकदा आईकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "मला… मला त्यातलं नीट कळत न्हाई," तो म्हणाला.

"हिच्या मनात एक, ह्याच्या मनात एक," अण्णा म्हणाले. "दोघांचं बी नको. अगं, हिकडं ये जरा." हे आईला. "तुला ह्यातलं ओ का ठो कळत न्हाई, म्हणून तुलाच सांगतो. तू कुणाच्या बाजूनं बोलणार न्हाईस. चाकामागं चिमणीच्या चोचीएवढं टोक हाय. ते वर बघतंय का खाली, तेवढं सांग. पुढचं मी बघतो."

आईनं पदर खोचला. आधी डाव्या चाकाशी गुडघे टेकले, मान वाकडी करून बघितलं. मग उठली, गाडीला वळसा घालून उजवीकडे गेली, तिथंही बसली. घाई अशी तिनं केलीच नाही. मग गुडघ्यावरची माती झटकत उभी राहिली.

"वर हाय."

"दोन्हीकडं?"

"दोन्हीकडं वर हाय."

"आई!" मी तिचा दंड धरून तिला पुन्हा खाली बसवलं. "अगं, तू दुसरंच काहीतरी बघितलंस. ही बघ. ही! माझ्या बोटापाशी. हिला चोच म्हणतात. कुठं बघतीय ही?"

"मला वर दिसली, मी वर सांगितली. मला काय त्यातलं कळतंय!"

मला रडू यायला लागलं. तिच्या अडाणीपणाचा इतका संताप आला होता की दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं. होय, आईला. वाटलं ते वाटलं.

"शेजारच्या बाबू टायरवाल्याला बोलवा," मी म्हटलं. "रस्त्यावरच्या कुणाला बी बोलवा."

"म्हंजे तुझ्या आईला खोटं पाडायला मी गाव गोळा करू? सणासुदीला?"

"मग तुम्ही हात घाला! तुमच्या बोटांना कळतंय की. चाकामागं हात घाला आणि चोच कुठं हाय बघा. एवढंच. अण्णा, एवढंच करा."

अण्णा गाडीतून उतरले. बोनेट धरून दोन पावलं पुढे आले, चाकापाशी वाकले. त्यांचा हात चाकाच्या कमानीखाली गेला. अर्धा कोपरापर्यंत गेला. आणखी वीतभर आत गेला असता तर बास होतं.

"अवो," आई म्हणाली, "नैवेद्य व्हायचाय अजून. पूजेच्या हाताला ग्रीस लावताय व्हय?"

अण्णांचा हात तिथंच थांबला. मी बघत होते. थांबला, आणि मग हळूच बाहेर आला. त्यांनी तो दुसऱ्या हातानं उगाचच झटकला. त्याला काहीही लागलेलं नव्हतं.

"पेडल बसतंय," ते माझ्याकडे न वळता म्हणाले. "पायाला कळलं तेवढं बास हाय. दसऱ्याला दिनकर उचलंल."

त्या दिवशी मी जेवले नाही. कुणी फारसा आग्रहही केला नाही.

दसऱ्याला सकाळी दिन्यानं पहिला पान्हा उचलला. उचलताना पान्ह्यावरचं फूल खाली पडलं. गल्लीतले चार लोक "मालक, मालक" म्हणून त्याच्या पाठीवर थापा मारून गेले. मी चुलीशी पुरण वाटत बसले होते. वाटता वाटता एकदम आठवलं. परकारशेठ दुपारी येणार. ही अशी गाडी घेऊन घाट उतरणार. तिसऱ्या वळणावर पाय खाली जाईल आणि… माझं गॅरेज गेलं ते गेलं, त्या माणसानं काय पाप केलं होतं? मी तशीच उठले. दिन्याच्या पाया पडायची वेळ आली तरी चालेल, पण कॅलिपर बदलून घ्यायचे, असं ठरवून शेडकडे गेले.

पत्र्याआडून आईचा आवाज आला.

"दोन्ही उतरीव. ते हिकडं आण, हे तिकडं ने. आता बघ, चोच वर आली का? आली न्हवं? आता नळ्या घट्ट कर. आधी लांबच्या चाकाची हवा काढायची, मग जवळच्या. मी सांगितल्याबिगर चोच बंद करू नको. बुडबुडं थांबू देत."

मी दारात उभी राहिले. आई गाडीत पेडलाशी बसली होती, एक पाय अनवाणी. दिन्या गाडीखाली होता. त्याचे नुसते पाय दिसत होते.

आईनं मला बघितलं. दचकली नाही. "आलीस? बरं झालं. बस पेडलावर, माझा गुडघा धरलाय."

"तुला कळतं," मी म्हटलं.

"काय?"

"चोच वर का खाली, ते तुला कळतं."

"न कळायला काय झालं? तू जन्मायच्या आधी तुझ्या बापाला पेडल कोण मारून देत होतं? तू पोटात असताना मारलंय मी. आत हवा असली की तळव्याला कळतंय." तिनं पेडलावरचा पाय काढून घेतला. "चोच हे नाव तरी कुणी ठेवलं म्हणतीस? तुझ्या बापाला असलं सुचतंय व्हय?"

"मग काल…"

"काल खोटं बोलले."

"आणि खडू?"

"मीच पुसला. ह्याला उलटं बी मीच दाखवलं. पाव्हण्यांतनं उठून आले होते ना, तेव्हा."

किती सरळ सांगत होती! भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं. मी दाराचा पत्रा धरला.

"का?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"तू कुठं बी जगशील, यमे. खडकावर टाकली तरी उगवशील. ह्याला ह्या शेडच्या भाईर कोण उभं करणार? मी मेल्यावर?"

"म्हंजे मला येतं म्हणून मला न्हाई?"

"व्हय," आई म्हणाली. "असंच असतंय. मला येत न्हवतं का? मला कुणी विचारलं?"

"मी अण्णांना सांगते. आत्ताच्या आत्ता सांगते!"

"सांग की. त्यांना ठाव न्हाई असं वाटतंय तुला? काल चाकाशी गेलेला हात मागं का आला? मी म्हणले म्हणून? जन्मात कधी माझं ऐकलंय त्या माणसानं?"

गाडीखालचे दिन्याचे पाय हलले नाहीत. त्यानं सगळं ऐकलं होतं. "तायडे," असं काहीतरी तो पुटपुटला, पण बाहेर आला नाही.

शिव्या द्याव्यात, बोंब ठोकावी, गाडीच्या काचा फोडाव्यात, असं सगळं मनात येऊन गेलं. मी यातलं काही केलं नाही. आई उतरली, मी बसले. परकारशेठला घाट उतरायचा होता. दाब, धर, सोड. बुडबुडे संपले, आणि पेडल माझ्या पायाखाली असं लागलं म्हणून सांगू, दगड! रबर कुठंही दुमडलेलं नव्हतं. माझी बांधणी होती ती.

दुपारी परकारशेठ आले. रस्त्यावर एक फेरी मारून आले आणि दिन्याच्या खांद्यावर हात ठेवला. "वा मालक! बापाचा हात उतरलाय तुझ्यात. देवाची देणगी असते ही."

दिन्या माझ्याकडे बघत राहिला. आई शेठना आपट्याचं पान द्यायला पुढे झाली. अण्णा ओसरीवर बसले होते. शेठ गेल्यावर त्यांनी मला हाक मारली, पहिल्यांदा हळू, मग जरा मोठ्यानं. मी आत होते, मी ओ दिली नाही. त्यांनी तिसऱ्यांदा हाक मारली नाही.

मार्गशीर्षात माझं लग्न झालं. नवरा चांगला निघाला, खोटं का बोलू. मी कापड फाडायला शिकले, उधारी वसूल करायला शिकले, नवरा आजारी पडला तेव्हा दुकान एकटीनं चालवलं. अण्णा लग्नानंतर दोन वर्षांनी गेले. दिन्यानं गॅरेज थोडी वर्षं ओढलं. ड्रायव्हर लोक आधी कमी झाले, मग बंद झाले. त्यानं शेड रसवंतीवाल्याला भाड्यानं दिली आणि त्या भाड्यावर तो घरात बसतो. अजून तसाच गोड आहे. भाऊबीजेला येतो, जाताना रडतो.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा तो तिला टॅक्सीत घालून माझ्या दारात घेऊन आला. "चार दिवस ठेव तायडे," म्हणाला. ती सहा वर्षं राहिली. हगणं-मुतणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं मी केलं. लोक म्हणायचे, लेक असावी तर अशी.

त्या दसऱ्याबद्दल आम्ही दोघी एकदाही बोललो नाही. फक्त एकदा, मी तिला न्हाणीत पाटावर बसवून अंघोळ घालत होते. कंबर भरून आली होती, सकाळपासून दुकानात गिऱ्हाईक होतं, आणि मला काय झालं कोण जाणे, मी विचारलं, "आई, तू दिन्याकडं का न्हाई गं राहिलीस? एवढं सगळं त्याला दिलंस."

तिचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द अडखळत यायचे. पण हे तिनं स्पष्ट सांगितलं.

"त्याला कुठं जमतंय गं. तुला जमतं."

बंबातलं पाणी बादलीत नुकतंच काढलेलं होतं. गार पाण्याचं विसण घालायचं राहिलं होतं, वाफा येत होत्या, मला दिसत होत्या. मी तांब्या भरला आणि तसाच तिच्या पाठीवर ओतला.